"राहतो" म्हणणारा शिष्य

एकदा एका वृद्ध आचार्यांच्या ओसरीवर दिवाळीच्या पाडव्याचा पत्त्यांचा डाव मांडला होता. त्या दिवशी खेळाला बसावं पण पैशाला शिवू नये, अशी तिथली रीत. म्हणून पैजेला चिंचोके. खेळायला आचार्य, त्यांच्या पत्नी माई, पाहुणे आलेले एक व्यापारी शेट आणि आचार्यांचा शिष्य.

शिष्याचं चित्त डावात नव्हतं. व्यापाऱ्याचा तांडा दुसऱ्या दिवशी सकाळी बंदराकडे निघायचा होता. "चल की माझ्याबरोबर," शेट म्हणाले होते, तेव्हा तो "येतो बहुधा" म्हणाला. आचार्यांनी उद्यापासून नवा पाठ घेऊ म्हटलं, तेव्हाही "बरं" म्हणाला. दोघांपैकी एकाला दुखवावं लागणार, हे त्याला कळत होतं. आचार्यांना न सांगताच तांड्याबरोबर निघून जावं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं होतं.

खेळ सोपा. प्रत्येकाच्या हाती दोन पानं, मध्ये पाच पालथी. ती उघडण्याआधीच बोलायचं: पानं सोडायची, नाहीतर दोन चिंचोके टाकून राहायचं, नाहीतर जास्त टाकून डाव चढवायचा; मग बाकीच्यांनीही तेवढे टाकायचे, नाहीतर पानं सोडायची. शेवटी ज्याची पानं भारी किंवा जो एकटा उरेल, चिंचोके त्याचे. वाटणाऱ्याच्या शेजाऱ्याने पहिल्यांदा बोलायचं, वाटणाऱ्याने सर्वांत शेवटी.

शिष्य दर वेळी एकच म्हणे, "राहतो."

"अरे, तू खेळतोयस की वाढपी आहेस?" माई हसल्या. "ज्याच्या त्याच्या ताटात तुझेच चिंचोके!"

एका डावात पहिलं बोलणं आचार्यांकडे आलं. त्यांनी राजा आणि गुलाम अशी देखणी पानं शांतपणे उताणी खाली ठेवली. "सोडली."

पुढच्या डावात त्यांनी स्वतः पानं वाटली. शेटांनी सोडली, माईंनी सोडली. शिष्य खाली बघत "राहतो" म्हणाला. आचार्यांनी मूठभर चिंचोके पुढे सारले. शिष्य गडबडला, त्याने पानं टाकून दिली. आचार्यांनी आपली उलटली, तर नव्वी आणि अठ्ठी!

"हे काय, गुरुजी? मघाशी राजा टाकलात, आणि आता या चिल्लर पानांवर चढवलात?"

"मघाशी माझ्यामागे तिघं बोलायचे होते," आचार्य म्हणाले. "कोणाच्या मनात काय, ठाऊक नव्हतं. आधी बोलणाऱ्याची पानं भक्कम हवीत, बाळा. आता तिघांचं ऐकून झालं होतं. दोघं गेले होते. आणि तुझ्या 'राहतो'मध्ये तुझाच जीव नव्हता. मी पानांवर नाही, त्या शब्दावर डाव चढवला. तू आवडलं तरी राहतोस, नावडलं तरी राहतोस. पालथी पानं उघडतील आणि आपल्यासाठी ठरवतील, अशी वाट बघतोस. ती उघडतात, पण तोवर तुझी ओंजळ रिकामी झालेली असते. सोडण्यात कमीपणा नाही, चढवण्यात पाप नाही. पण जे करशील ते तुझं असू दे."

इतक्यात शेटांनी विचारलं, "काय रे, उद्या येतोयस ना?"

माईंचा पत्ते गोळा करणारा हात थांबला. आचार्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. शिष्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि आज प्रथमच नजर खाली वळवली नाही.

"गुरुजी, मला जायचं आहे. पाठ गोड लागतो, पण मन बंदराकडे धावतं. न सांगता जाणार होतो. चुकलो."

आचार्यांचा तो लाडका शिष्य होता. तरी त्यांनी त्याच्या मस्तकावर हात ठेवला. "जा. अर्ध्या मनाने माझ्यापाशी बसला असतास, तर मी तुला काय शिकवणार होतो?"

"सकाळी हातावर दही घेतल्याशिवाय उंबरा ओलांडलास तर बघ," माई म्हणाल्या आणि डोळे टिपत दुधाला विरजण लावायला आत गेल्या.

व्रत असो की वाट, कोणाला दुखवायचं नाही म्हणून ती धरू नये. धरावी तर मन ओतून, नाहीतर हात जोडून आधीच मोकळं व्हावं.