महाराजांनी तोडलेला शब्द

“दाराच्या फळ्या दोन, मग शब्दाचे तुकडेही दोन! तोडा!” हणमंतराजे गरजले.

समोर तालमीचं कोरं करकरीत दार उभं होतं. त्यावर ‘स्ट्रेंग्थ’ हा इंग्रजी शब्द रंगवायचा होता. हैबतपूर संस्थानात राजांच्या हुकमानं दारोदारी इंग्रजी शब्द झळकत. अर्धा एका फळीवर, अर्धा दुसरीवर आणि मधे हायफनची आडवी रेघ. बागेच्या दारावर ‘गार-डन’, पागेच्या दारावर ‘स्टे-बल’! दार उघडलं की शब्दही उघडायचा आणि राजे टाळ्या पिटायचे.

इंग्रजी शिकवणारे खांबेटे मास्तर घाम पुसत म्हणाले, “महाराज, हनुवटीखाली हात धरून शब्द बोलावा. हनुवटी जितक्यांदा खाली, तितके तुकडे. या शब्दाला ती एकदाच हलते. तो तुटत नाही!”

“माझ्या राज्यात शब्द माझा हुकूम मोडतो? उद्या दुपारपर्यंत तुटला नाही, तर तुम्ही आणि हा नारबा चितारी, दोघंही हद्दपार!”

नारबानं कुंचला खाली ठेवला. त्याची लेक भिवरा रंगाची वाटी धरून मागंच उभी होती. बापाला तिनं हाताला धरून घरी आणलं. नारबा चुलीपाशी बसून हनुवटी धरून पुटपुटत राहिला, “स्ट्रेंग्थ... स्ट्रेंग्थ...” हनुवटी काही दुसऱ्यांदा हलेना! भिवराला आधी रडू आलं, मग राग आला आणि मिरच्या कुटता कुटता एकदम हसूच फुटलं.

“बा, ऊठ! शब्द तुटला म्हणून समज!”

दुसऱ्या दिवशी दुपारी ती फडक्यात भाकरी बांधून, बापाला घेऊन तालमीपुढं हजर.

“महाराज, शब्द लई चिवट हाय. तो तोडायला तुमच्यावाणी मर्दच पायजे. पण उपाशीपोटी जोर कसा लागंल?” तिनं भाकरीवर लवंगी मिरचीचा ठेचा ठेवला. “जरा बेतानं हं! आमच्यातले पैलवानबी नखभरच घेतात.”

“नखभर?” राजांनी मिशीवर ताव दिला आणि अख्खा गोळा तोंडात टाकला.

कान लाल झाले. डोळ्यांना धारा लागल्या. “पा... पाणी!”

“आधी शब्द, महाराज! हात हनुवटीखाली!”

“स्ट्रें... उच्क्! ...ग्थ!”

हनुवटी दोनदा हातावर आपटली.

“तुटला!” भिवरा ओरडली. “बा, रंगव!”

“छे छे!” मास्तर मधे पडले. “ही उचकी आहे, इंग्रजी नव्हे!”

“मग मास्तर, महाराजांचं तोंड चुकलं म्हणता?”

मास्तरांनी घाईघाईनं रंगाची वाटी नारबापुढं सरकवली.

“ही तर शुद्ध फस... उच्क्! ...वणूक!” राजे ओरडले. आपल्या तोंडून मराठीही तुटतेय हे ऐकून त्यांचं त्यांनाच हसू आवरेना. “शाब्बास, पोरी! हद्दपारी रद्द! दिवाणजी, हिला एक गा... उच्क्! ...य द्या!”

भिवरानं पदर पसरला. “महाराजांनी गाय तोडली, म्हंजे दोन झाल्या! आन् अर्धी गाय काय दूध देत न्हाई. दोन्ही पुऱ्याच द्याव्या!”

राजे पोट धरून असे हसले, असे हसले, की उचकी पळून गेली. दोन दुभत्या गाई मात्र नारबाच्या दारी आल्या.