सुगनीने वाळू हिरवी करायची ठरवली

जिथे गवत संपतं, मग काटेही संपतात आणि शेवटी रस्तासुद्धा दमून वाळूत बसकण मारतो, तिथे इवलंसं एक गाव होतं. त्या गावात सुगनी आपल्या मायबरोबर राहायची. मातीची झोपडी, एक पांढरी उंटीण आणि तिचं बताशाच्या रंगाचं पिल्लू, एवढाच त्यांचा संसार. पिल्लाचं नाव अर्थातच बताशी. सुगनी भारी घाबरट. वाळकं पान पडलं तरी दचकायची, आणि दचकली की बताशीच्या मऊमऊ मानेत तोंड लपवायची.

त्या वर्षी पाऊस वाट चुकला. गावच्या कुंडात साठवलेलं पाणी खालीखाली जात राहिलं, आणि एका सकाळी पोहरा तळाला लागून खण्णकन वाजला. सुगनी दचकली, पण आवाजापेक्षा मायचा चेहरा बघून जास्त. उद्या उजाडलं की गाव सोडून नदीकाठी जायचं, माय म्हणाली. वाट फार लांबची होती. मोठी उंटीण चालली असती. बताशीचे काडीसारखे पाय तेवढे चालणार नव्हते. बताशीला मागे सोडावं लागणार, हे मायने न सांगताच सुगनीला कळलं.

त्या गावाची एक रीत होती. पोहरा वर आला की पहिली वाटी ज्यांना हात नाहीत त्यांची. पाखरांची, मुंग्यांची, झाडांची. आपण कुठूनही पाणी ओढून आणू, त्यांनी बिचाऱ्यांनी काय करावं? आज पोहऱ्यात तळाचं थोडंसंच पाणी आलं होतं. शेजारच्या केसरकाकी म्हणाल्या, आजच्या दिवस राहू दे गं, पाखरं काही पंचायतीत तक्रार घेऊन जाणार नाहीत. सुगनीचा जीव घुटमळला. मग तिने अर्धी वाटी बताशीला पाजली, कारण बताशीलाही हात नव्हते, आणि उरलेली अर्धी सांभाळत ती देवराईत गेली.

देवराई म्हणजे गावाबाहेर देवाच्या नावाने राखलेली शमीची थोडीशी झाडं. सगळ्यांत म्हाताऱ्या झाडाच्या मुळाशी तिने पाणी ओतलं, तोच फांदीत काहीतरी लखकन चमकलं. सुगनी दचकून मागच्या मागे बसली.

अंगठ्याएवढी एक परी होती ती. केशरी, गुलाबी, सोनसळी वाळूचा घोळदार झगा आणि अभ्रकाचे चमचमते पंख.

"भिऊ नकोस गं," परी म्हणाली, "तुला बघून मीही दचकलेच की."

एवढ्या कोरड्या दिवसांत आपल्या झाडाला कुणी पाणी घातलं म्हणून ती हरखून गेली होती. तिने सुगनीला एक मागणं मागायला सांगितलं. पण त्याला नियम होता. मागणं खरं होण्याआधी वाऱ्याबरोबर जायचं, ते कुणाकुणाच्या दारी पोचतं ते बघून यायचं, आणि मग पुन्हा एकदा 'हो' म्हणायचं.

सुगनीने क्षणभरही विचार केला नाही. ही सगळी वाळू हिरवीगार कर, ती म्हणाली, आणि मधून झुळझुळ ओढे वाहू देत.

परीने तिला तिळाएवढी केली आणि दोघी धुळीच्या कणावर बसून उडाल्या. खाली मोरपंखी समुद्र आला. धूळ चिमटीचिमटीने पाण्यात पडत होती, आणि इटुकले हिरवे ठिपके ती मटामट खात होते. ठिपक्यांना छोटे मासे खात होते, त्यांना मोठे. एक चंदेरी पिल्लू तर नुसतं आ वासून वाट बघत होतं.

समुद्रापलीकडे घनदाट रान लागलं. एवढं हिरवं की डोळे निवले. तिथेही झाडं पानं पसरून धुळीची वाट बघत उभी होती. इतकं हिरवं, तरी भुकेलं कसं? सुगनीने विचारलं. इथला धो धो पाऊस मातीतला कस धुऊन नेतो, परीने सांगितलं, आणि तुमच्या वाळूची धूळ त्यातला थोडा परत आणून देते.

परतताना गुबगुबीत ढग भेटले. वाळू तापते, हवा वर जाते, आणि रिकाम्या जागेत शिरायला समुद्रावरचा वारा ढगांना खांद्यावर घेऊन धावत येतो. वाटेतली किती गावं त्या ढगांवर भिजतात!

"मग वाळू हिरवी झाली तर?" सुगनीने हळूच विचारलं.

ठरवायचं सुगनीनेच होतं.

देवराईत येऊन पुन्हा होती तेवढी झाल्यावर सुगनीच्या डोळ्यांपुढे आधी बताशीचे काडीसारखे पाय आले. मग आ वासलेलं चंदेरी पिल्लू आलं, पानं पसरलेली झाडं आली.

"त्यांनाही हात नाहीत," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "वाळू वाळूच राहू दे. पण माझ्या बताशीला तहान लागलीय गं."

परी हसली. चांदीची घुंगरं सांडावीत तशी. "तू 'हो' म्हणालीच नाहीस, सोनुले. म्हणजे तुझं मागणं अजून शिल्लक आहे. आणि ही वाळू पाऊस गिळून बसत नाही बरं, पोटाशी धरून ठेवते. कुठे, ते मी दाखवते."

एवढं बोलून ती उजळत गेली, उजळत गेली, नुसता सोनेरी झोत उरला, आणि तो झोत देवराईपलीकडच्या वाळूत अलगद मुरला. तिथली वाळू ओली, सावळी झाली.

सुगनीच्या हाका ऐकून माय धावली, केसरकाकी धावल्या, सगळा गाव धावला. खणत खणत उतरले तेव्हा अरुंद विहिरीच्या पोटात टिप टिप गोड पाणी पाझरू लागलं. ओढा नव्हता तो. घटकाभरात एक पोहरा, पुढच्या घटकेत आणखी एक. पण आटायचं नाव नाही.

बताशीने घागरीत तोंड खुपसलं आणि असं फुरफुरली की केसरकाकी नखशिखांत भिजल्या. त्या म्हणाल्या, चला, आंघोळीचं तरी भागलं. मायने बांधलेली गाठोडी सोडली आणि चूल पेटवली.

ऊन उतरलं तसा वारा सुटला. सुगनीने मूठभर वाळू तळहातावर घेतली आणि वारा ती उचलून नेईपर्यंत हात पसरून उभी राहिली. लांब, समुद्रापलीकडे, कुणीतरी आत्ता जेवायची वाट बघत होतं.