तिसावं गणित

एसटी जिथं वळून माघारी फिरते, अशा शेवटच्या थांब्याच्या गावात एक शाळा होती, आणि तिथं सातवीच्या वर्गाला कोळेकरबाई होत्या. बाई वाईट नव्हत्या हो, थकल्या होत्या. चौदा वर्षं रोज दोन तास जायचे आणि दोन तास यायचे. बसची पायरी दिसली की गुडघे आधीच कुरकुरायचे. पोटचा मुलगा पाळण्यातून दहावीत गेला, पण त्याचं मोठं होणं काही बाईंना धड बघायला मिळालं नाही. दरवर्षी त्या घराजवळच्या शाळेत बदली मागत आणि दरवर्षी तो अर्ज कुठल्याशा फायलीत गडप होई.

त्या वर्षी शाळेला टॅब आले. त्यात गणिताचं ॲप होतं. गणित सुटलं की हिरवी खूण, चुकलं की लाल. अडलंच तर कोपऱ्यात दिव्याचं बटण. एकदा दाबलं की थोडी वाट दिसे, दुसऱ्यांदा दाबलं की अर्धं गणित, आणि तिसऱ्यांदा दाबलं की उत्तरासकट अख्खं गणित सुटून वर हिरवी खूण! करणाऱ्यानं चांगल्या मनानंच केलं असणार. पण पोरं ती पोरं. आठवड्याच्या आत त्यांना मेख सापडली आणि वर्गात एकच गजर सुरू झाला, "तीनदा दिवा! तीनदा दिवा!"

बाईंना कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. पण रागवायलासुद्धा अंगात जीव लागतो. त्या खुर्चीला टेकून हिरव्या खुणा बघत आणि मनाशी म्हणत, 'असू दे. होतंय ना एकदाचं!'

अशात एके दिवशी बोराटे साहेब तपासणीला आले. जाताना म्हणाले, "बाई, अपूर्णांकाच्या धड्यात तीस गणितं आहेत. शुक्रवारपर्यंत सगळ्या वर्गाची तीसच्या तीस हिरवी दाखवा. बदलीची शिफारस मी स्वतः करतो."

बाईंच्या मनात लाडू फुटले. शिफारस म्हणजे बदली आणि बदली म्हणजे घर! बावीस मुलांचा वर्ग. गुरुवारी दुपारपर्यंत एकवीस जणांचा धडा हिरवागार झाला. राहिली एकटी तनुजा.

ही तनुजा म्हणजे विलक्षण चिवट पोरगी. दिव्याला बोट लावायची नाही. पदरचे चिंचोके जमिनीवर मांडायची, हलवायची, पुन्हा मांडायची. एकेका गणिताला तास घालवायची. एकोणतीस तिनं अशीच सोडवली आणि तिसाव्यापाशी अडली. एका टाकीचा तीन-पंचमांश भाग भरलाय, आणखी तीस लिटर ओतलं की तीन-चतुर्थांश भरते, तर अख्ख्या टाकीत पाणी किती मावेल?

"दाब ना गं दिवा," बाई काकुळतीला येऊन म्हणाल्या.

"नको बाई. उद्या येतंय बघा मला," तनुजा म्हणाली आणि दप्तर उचलून पळाली.

वर्ग रिकामा झाला. तनुजाचा टॅब टेबलावर होता. बाईंनी दाराकडं पाहिलं, मग टॅबकडं. एका गणितानं काय आभाळ कोसळणार आहे? त्यांनी दिवा तीनदा दाबला. हिरवी खूण उमटली. त्या दिवशी बसमध्ये त्यांना चौदा वर्षांत पहिल्यांदा गाढ झोप लागली.

शुक्रवारी सकाळी तनुजा धापा टाकत आली. ओंजळीत चिंचोके होते. "बाई, सुचलं! वीस चिंचोके घ्यायचे!" तिनं टॅब उघडला, तर तिसाव्यावर आधीच हिरवी खूण!

"बाई, हे कुणी सोडवलं?"

खोटं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण पोरगी टक लावून बघत होती.

"मी दाबलं," बाई म्हणाल्या. "एवढं काय त्यात? वहीत सोडव की."

"वहीत सोडवीन. पण इथं माझं नाव आहे आणि मी नाही सोडवलेलं." मग तिनं हळूच विचारलं, "मला येणारच नाही असं वाटलं का तुम्हाला?"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्गात बावीस पोरं होती आणि शिकणारी एकच. तिचंही गणित त्यांनी पळवलं होतं.

ॲपमध्ये एकट्या मुलीचं गणित मागं घ्यायची सोय नव्हती. घ्यायचं तर सगळ्या वर्गाचा धडा पुसून पहिल्यापासून करावा लागे. साहेब तीन वाजता येणार होते. बाईंनी डोळे मिटले, एक उसासा सोडला आणि धडा पुसला. एकवीस पोरांनी एकच गिल्ला केला.

"ओरडू नका," बाई म्हणाल्या. "आज दिव्याला हात लावायचा नाही. चुकलं तर चुकू दे."

तीन वाजता साहेब आले तेव्हा वर्गभर लालच लाल होतं. साहेबांचा चेहरा उतरला. "अहो बाई, काल तर माझ्या मोबाइलवर सगळं हिरवं दिसत होतं!"

"काल एकीशिवाय कुणीच काही सोडवलं नव्हतं, साहेब. आज चुकतायत तरी."

"मग शिफारस विसरा," साहेब म्हणाले आणि निघून गेले. बाईंना वाईट वाटलं. नाही कशाला म्हणायचं, फार वाईट वाटलं.

शाळा सुटली. पोरं गेली. तनुजा मात्र एकोणतीस पुन्हा सोडवून आता तिसाव्यापाशी आली होती. तिनं वीस चिंचोके मांडले. तीन-पंचमांश म्हणजे बारा, तीन-चतुर्थांश म्हणजे पंधरा. मधल्या तिनांचे तीस लिटर, म्हणजे एकाचे दहा. तिनं ऐटीत उत्तर टाकलं, दीडशे. लाल!

बाईंना चूक तिथल्या तिथं दिसली. भरलेले पंधराच चिंचोके मोजले होते पोरीनं, रिकामे पाच राहिलेच. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. पुढची गाडी तासाभरानं होती. एक शब्द बोलल्या असत्या तर गणितही सुटलं असतं आणि बसही मिळाली असती.

पण दुखऱ्या गुडघ्यांवर हात ठेवत बाई तनुजाशेजारी जमिनीवर बसल्या. एसटी वळली आणि धूळ उडवत निघून गेली.

तनुजानं चिंचोके गोळा केले, पुन्हा मांडले, डोकं खाजवलं. बराच वेळ गेला. मग तिचं बोट बाजूला पडलेल्या पाच चिंचोक्यांवर थबकलं.

"अगं बाई! हीपण टाकीच की!" ती ओरडली आणि दोनशे लिहिलं. हिरवं!

तनुजा उड्या मारत घरी गेली. बाई भिंतीला धरून उठल्या, टॅब कपाटात ठेवला आणि थांब्यावर जाऊन पुढच्या गाडीची वाट बघत बसल्या. सोमवारी पुन्हा यायचंच होतं.

तात्पर्य: शिकणाऱ्याच्या हातातलं काम उरकून देणं म्हणजे त्याला मदत नव्हे; आपण कितीही थकलेले असलो, तरी त्याला चुकू देऊन त्याच्याजवळ थांबणं, हेच खरं शिकवणं.