मासोळीचा माठ किती घरांना ठाऊक?

फार वर्षांमागे, एका तळ्याकाठच्या गावात एक कुंभारीण राहायची. गोजरा तिचं नाव. नवरा रखमाजी चाकावर बसायचा. गोजरा माती मळायची, माठ थापायची आणि माठ ओला असतानाच त्याच्या गळ्याशी नखाने एक छोटीशी मासोळी काढायची. ही त्यांची खूण. मासोळी दिसली की समजायचं, माठ गोजराच्या घरचा.

तळ्याची माती फार गुणाची. त्या माठातलं पाणी असं गार व्हायचं, की उन्हातून आलेलं माणूस दोन घोटांत शांत व्हायचं. पण एका वर्षी गावात एक वीटभट्टीवाला आला. त्याने पाटलांच्या कानावर घातलं, की तळ्याची माती मला द्या, मी गावाला पक्क्या विटा करून देतो. माठ आता विचारतो कोण? घरोघरी तांब्याच्या घागरी आल्यात.

पाटील माणूस वाईट नव्हते. संक्रांत झाल्यावर त्यांनी दोघा नवराबायकोला चावडीवर बोलावलं आणि सांगितलं, की मातीचा निकाल मी पाडव्याला करणार. लोकांना तुमचा माठ माहीत आहे आणि हवा आहे, हे तोवर दाखवा. नाही दाखवलंत तर माती वीटभट्टीला जाईल.

माती गेली की धंदा गेला आणि धंदा गेला की गाव सोडायचं. कडेवर दीड वर्षाची लेक. परक्या गावात कुठे टेकायचं, हिला ताप आला तर कुणाचं दार वाजवायचं, सगळं एका क्षणात गोजराच्या डोळ्यांपुढून गेलं. रखमाजी मात्र "बरं पाटील" म्हणून निघालासुद्धा. गोजरा जागची हलली नाही.

"पाटील, लोकांना माहीत आहे म्हणजे किती लोकांना?" तिने विचारलं.

पाटलांना असं कुणी कधी विचारलं नव्हतं. ते म्हणाले, "किती म्हणजे, बऱ्याच."

"तुमच्या मनातले बरेच वेगळे, माझ्या मनातले वेगळे. पाडव्याला आपलं दोघांचं जुळलं नाही, तर गाव मला सोडावं लागेल. तुम्ही आजच काय तो आकडा सांगा."

रखमाजीने मागून तिचा पदर ओढला. पण पाटील विचारात पडले. बाईचं म्हणणं खोटं नव्हतं. मग त्यांनी नीट ठरवून दिलं. गावाच्या वाड्या पाच. प्रत्येक वाडीतली कुठलीही दहा घरं धरायची. तिथे एवढंच विचारायचं, की चांगला माठ कुणाचा? आपण काही सुचवायचं नाही. दहातल्या पाच घरांनी आपणहून मासोळीच्या माठाचं नाव घेतलं पाहिजे, आणि तेही पाचही वाड्यांत. वीटभट्टीवाल्यालाही त्यांनी सांगितलं, की विटा किती घरांना हव्यात ते तुम्हीही सांगायचं.

घरी आल्यावर रखमाजी जोरात कामाला लागला. गेरू कालवला, चुना कालवला आणि पाचही वाड्यांच्या भिंतींवर हातभर लांबीच्या मासोळ्या काढल्या. वर हलगीवाल्याला घेऊन बाजारभर फिरला. पोरं मागून नाचत होती. आठ दिवसांनी तो खुशीत सांगू लागला, की पाचशे माणसांनी तरी आपली मासोळी पाहिली असेल, आता पाडव्याची काळजी सोड.

गोजराची काळजी काही सुटेना. तिने मूठभर चिंचोके घेतले, लेकीला कडेवर घेतलं आणि माळवाडीला गेली. दहा घरी विचारलं. जे घर मासोळीचा माठ म्हणेल, त्या घरामागे एक चिंचोका पदराच्या गाठीत बांधायचा. नऊ घरांनी दुसरंच काहीबाही सांगितलं. त्यातल्याच एका घरची म्हातारी तर म्हणाली, "अगं, भिंतीवर मासा काढलाय तो तुमच्याच माणसाने ना? मग मासळी कधी येणार? आमचे हे रोज विचारून डोकं खातात."

गोजरा घरी आली. फळीवर तिने पाच पणत्या मांडल्या होत्या, एकेका वाडीची एकेक. माळवाडीच्या पणतीत तिने एक चिंचोका टाकला. एकच.

रखमाजीला ते लागलं. एवढ्या लोकांनी पाहिलं त्याचं काहीच नाही का, असं तो म्हणाला. गोजराने त्याला समजावलं, की पाहिलं हे खरं, पण काय पाहिलं ते त्यांना कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा माळवाडीला गेली. या वेळी पाणवठ्यावर जाऊन बसली आणि माठ कसा हवा ते बायकांना विचारू लागली. बायका आधी हसल्या. मग चंद्राक्का नावाची एक धिप्पाड बाई घागर खाली ठेवून बोलली. "गार पाण्याचं कौतुक तुला. घासायचं आम्हाला. तुझ्या माठाचं तोंड एवढंसं, माझा हात मनगटापाशीच अडकतो. आत शेवाळ धरतं. पोरांना तसलं पाणी पाजू?"

गोजराने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. वाळका, काडीसारखा हात. माठाचं तोंड रखमाजी नेहमी तिच्याच हाताच्या मापाने धरायचा. बाकीच्या बायकांचे हात बांगड्यांनी भरलेले आणि कामाने रुंद झालेले असतात, हे इतक्या वर्षांत तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. पोरांना शेवाळाचं पाणी, हा शब्द तर तिला काट्यासारखा रुतला.

तिने तिथेच चंद्राक्काचा बांगड्यांसकटचा हात सुतळीने मापून घेतला. घरी जाऊन ती सुतळी रखमाजीपुढे ठेवली, की तोंड आता एवढं करायचं. रखमाजी कुरकुरला, पण केलं. नवे माठ भाजून झाल्यावर एकेक माठ पाचही वाड्यांच्या पाणवठ्यावर नेऊन ठेवला. ज्यांना प्यायचं त्यांनी प्यावं, ज्यांना हात घालून पाहायचा त्यांनी पाहावा. भिंतींवरच्या मासोळ्यांखाली रखमाजीने कुणी न सांगताच मोठे माठ काढले. मासळीची चौकशी थांबली.

दर आठ दिवसांनी गोजरा प्रत्येक वाडीत दहा घरी विचारायची आणि पणतीतले चिंचोके बदलायची. माळवाडीत एकाचे तीन झाले, तिनाचे सहा. जिथे चिंचोके वाढले तिथे ती निवांत झाली, जिथे अडले तिथे जाऊन बसली, बायकांचं ऐकलं. चार वाड्या अशा हळूहळू भरल्या. गवळवाडी मात्र दोनाच्या पुढे हलेना.

पाडवा दोन दिवसांवर आला. रखमाजी पणत्यांकडे बघत म्हणाला, "तीन चिंचोके तर टाकायचेत. कोण जातंय गवळवाडीत मोजायला?"

गोजराने तीन चिंचोके हातात घेतले. लेक तिथेच गोधडीवर निजली होती. या पोरीसाठी तीन चिंचोके फार नव्हते. हात पणतीपर्यंत गेला आणि थांबला.

"पाटलांचं सोडा," ती म्हणाली. "हे टाकले तर गवळवाडीत आपलं काय चुकलं ते मलाच कधी कळायचं नाही."

तिने चिंचोके परत डब्यात टाकले आणि उठून गवळवाडीला गेली. परत येईपर्यंत दिवस कलला होता.

पाडव्याला चावडी भरली. पाटलांनी आधी वीटभट्टीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, विटा सगळ्यांना हव्यात. सगळ्यांना म्हणजे किती घरांना, असं पाटलांनी विचारल्यावर तो हसला. त्यात मोजायचं काय, उभा गाव नाव घेतो, असं म्हणाला. कुठल्या वाडीत विचारलंत, असं म्हटल्यावर त्याला एकही नाव सांगता येईना.

मग गोजराने पाच पणत्या पुढे मांडल्या. सहा, सात, पाच, आठ. मग पाचवी पुढे सरकवली. "गवळवाडी दोन," ती म्हणाली. "ठरलं होतं पाचचं. मी कमी पडले."

लोक कुजबुजले. रखमाजीने डोळे मिटून घेतले. कमी का पडलीस, असं पाटलांनी विचारलं.

"त्यांच्या दारातच झरा आहे, पाटील. बारा महिने गार पाणी. त्यांना पाण्याचा माठ नको, विरजणाला दुधाचं मडकं हवंय. दोन महिने मी त्यांना नको ती वस्तू सांगत बसले. परवा विचारलं तेव्हा कळलं."

पाटलांनी पाटलीणबाईंना गाडीत बसवून गवळवाडीला धाडलं. त्या येईपर्यंत चावडीवरून कुणी उठलं नाही. गोजरा लेकीला मांडीवर घेऊन नुसती थोपटत राहिली. दुपार टळताना गाडी आली. पाटलीणबाई उतरल्या आणि म्हणाल्या, "दहा घरं फिरले. दोघींनी मासोळीचं नाव घेतलं. बाकीच्या मडक्याचं विचारत होत्या."

पाटील गोजराकडे बघून म्हणाले, "जिथे तुझं उणं होतं, तिथला आकडाही खरा निघाला. मग बाकीच्या चार वाड्या तपासायला मी कशाला जाऊ? माती तुमची." वीटभट्टीवाल्याला त्यांनी ओढ्यापलीकडची जमीन दाखवली. माती तिथेही होती. "पण अट पुरी झालेली नाही, हं. दिवाळीपर्यंत गवळवाडीचे पाच झाले पाहिजेत."

गोजराने क्षणभर विचार केला. "पाच नको पाटील, चार धरा. दुधाची मडकी मी अजून एकदाही केलेली नाहीत."

पाटील हसले आणि चार ठरले. गोजरा घरी आली, लेकीला भरवलं आणि त्याच संध्याकाळी गवळणींच्या हाताची मापं घ्यायला निघाली.

तात्पर्य घ्यायचं ते एवढंच: आपलं काम लोकांपर्यंत पोहोचवायचं तर कुठवर, किती आणि कधीपर्यंत हे आधी ठरवावं. मग खरं तेच मोजावं. किती जणांनी पाहिलं याने मन खूश होतं, पण किती जणांना कळलं आणि कुठे कळलं नाही, हे जाणणाऱ्यालाच पुढची वाट दिसते.