टिचकी मुंगी आणि हॉटेलातलं शीत

एक होती मुंगी. तिचं नाव टिचकी. आजोबांच्या स्वयंपाकघरात, फडताळाखाली तिचं घर. दार एवढंसं. अंगण एवढंसं. आणि टिचकी त्याहून एवढीशी.

आजोबांची एक पद्धत होती. जेवायला बसले की ते आधी ताटाभोवती पाणी फिरवायचे. मग ताटाच्या उजव्या बाजूला भाताची शितं ठेवायचे. मोठी माणसं त्याला चित्राहुती म्हणतात. टिचकी त्याला 'माझं जेवण' म्हणते.

शितं ठेवल्याशिवाय आजोबा घास घेत नसत. शीत मिळाल्याशिवाय टिचकी हलत नसे. रोज दुपारी दोघं अशी शेजारी शेजारी जेवायची.

एके दिवशी काय झालं? दुपार झाली. टिचकी तुरुतुरु आली. नेहमीच्या जागी उभी राहिली. बघते तर ताट नाही. पाट नाही. कुकरची शिट्टी नाही. आणि शीत? शीतही नाही.

आजोबांची मुलगी शाल्मलीताई आरशापुढे उभी होती. ती म्हणाली, "बाबा, आज आपण स्टाईलमध्ये जेवायचं. हॉटेलात. नवा सदरा घाला. आणि ते शितंबितं ठेवणं तिथे नको हं. लोक बघतात."

आजोबांनी नवा सदरा घातला. काठी घेतली. आणि काठीला चिकटून कोण निघालं? टिचकी. जिथे आजोबा, तिथे शीत. जिथे शीत, तिथे टिचकी.

हॉटेलचं नाव 'चंदेरी चमचा'. बाहेर लख्ख दुपार. आत मात्र काळोख. खिडक्यांना जाड जाड पडदे. टेबलावर इवलीशी मेणबत्ती. घरी वीज गेली की ताई वैतागते. इथे ती म्हणाली, "वा, किती छान."

पाण्यात काकडी पोहत होती. रुमालाची घडी हंसासारखी होती. आजोबांनी विचारलं, "हा खायचा आहे का?" ताई म्हणाली, "बाबा, हळू बोला."

टिचकी काठीवरून उतरली. टेबलावर चढली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"आजोबा आजोबा, माझं शीत द्या."

आजोबा म्हणाले, "कुठून देऊ गं टिचके? भात आल्याशिवाय शीत नाही. मीही उपाशीच आहे बघ."

टिचकीच्या पोटात कावळे ओरडायला लागले. मुंगीच्या पोटात कावळे मावतात का? मावतात. लहान लहान असतात.

टिचकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. आली वेटरदादाकडे. दादाच्या हातात पांढरे मोजे. एक हात पाठीमागे. तो का मागे, ते दादालाही माहीत नाही.

"दादा दादा, भात आण. भात येईना, शीत मिळेना. माझ्या पोटात कावळे ओरडतात."

दादा म्हणाला, "सूप संपल्याशिवाय भात नाही. इथे सगळं एकामागून एक येतं. आणि फार हळू येतं. त्यालाच स्टाईल म्हणतात."

टिचकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. आली शाल्मलीताईकडे. ताईसमोर भोपळ्याचं सूप. गार होत चाललेलं.

"ताई ताई, सूप पी. सूप संपेना, भात येईना, शीत मिळेना. माझ्या पोटात कावळे ओरडतात."

ताई म्हणाली, "वेडी आहेस का? फोटो काढल्याशिवाय सूप नाही. आधी फोटो, मग पोट."

टिचकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. आली फोनकडे. फोन हंसाला टेकून बसला होता.

"फोना फोना, फोटो काढ. फोटो निघेना, सूप संपेना, भात येईना, शीत मिळेना. माझ्या पोटात कावळे ओरडतात."

फोन म्हणाला, "ऊन आल्याशिवाय फोटो नाही. या काळोखात मला सूप दिसत नाही, ताई दिसत नाही, आणि तू तर मुळीच दिसत नाहीस."

टिचकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. खिडकीच्या फटीतून गेली बाहेर. बाहेर कठड्यावर ऊन पसरलं होतं. अगदी रिकामं, काही काम नसलेलं.

"उन्हा उन्हा, आत ये. ऊन येईना, फोटो निघेना, सूप संपेना, भात येईना, शीत मिळेना. माझ्या पोटात कावळे ओरडतात."

ऊन म्हणालं, "पडदा सरकल्याशिवाय मी येत नाही. सकाळपासून उभा आहे तो खिडकीत. मला म्हणतो, तुझं इथे काय काम?"

टिचकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. आली पडद्याकडे. पडदा मखमली. खालून झालर, वरून ऐट.

"पडद्या पडद्या, बाजूला सरक. पडदा सरकेना, ऊन येईना, फोटो निघेना, सूप संपेना, भात येईना, शीत मिळेना. माझ्या पोटात कावळे ओरडतात."

पडदा म्हणाला, "मी? आपणहून? साध्या सुती पडद्याला सांग असलं काही. साहेबांनी दोरी ओढल्याशिवाय मी सरकत नाही."

साहेब म्हणजे हॉटेलचे मॅनेजर. टिचकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. इथे बघते, साहेब नाहीत. तिथे बघते, साहेब नाहीत. मग गेली खिडकीजवळच्या गल्ल्याच्या टेबलामागे. तिथे कोण बसलं होतं?

साहेब. खाली जमिनीवर. मांडी घालून. कोट काढलेला. बूट काढलेले. मोजेसुद्धा काढलेले. मांडीवर स्टीलचा डबा. डब्यात काय? पोळी आणि भेंडीची भाजी. वर एक लोणच्याची फोड. साहेब गपागप जेवत होते.

"साहेब साहेब, दोरी ओढा. दोरी हलेना, पडदा सरकेना, ऊन येईना, फोटो निघेना, सूप संपेना, भात येईना, शीत मिळेना. माझ्या पोटात कावळे ओरडतात."

साहेबांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "मोठ्याने बोलू नकोस. माझं जेवण झाल्याशिवाय मी उठत नाही."

टिचकीने विचारलं, "तुम्ही तुमच्या हॉटेलात का नाही जेवत?"

साहेब म्हणाले, "मला भूक लागलेली असते गं." मग त्यांना तिची दया आली. "हा घे पोळीचा तुकडा. खा आणि गप्प बस."

पोळीचा तुकडा मऊ होता. तुपाचा वास येत होता. टिचकीच्या तोंडाला पाणी सुटलं. तिने एक पाऊल पुढे टाकलं. मग तिला आजोबा आठवले. तिकडे आजोबा उपाशी, तिच्यासाठी थांबलेले. टिचकीने पाऊल मागे घेतलं.

"मला पोळी नको. मला माझं शीत हवं. उठता का साहेब?"

"नाही उठत."

"उठता का साहेब?"

"नाही उठत."

"मग मी चावू?"

साहेब हसले. "तू? चाव की. एवढीशी तर आहेस."

टिचकीने साहेबांचा अंगठा पाहिला. पायाचा. गुबगुबीत.

चुटुक!

साहेब ओरडले, "आई गं!" आणि टुणकन उठले. पडता पडता त्यांनी काय धरलं? दोरी.

साहेबांनी दोरी ओढली. दोरी हलली. पडदा सरकला, सर्रर्र. ऊन आत आलं, लख्ख. फोनने फोटो काढला, खट्. ताई सूप प्यायली, भुर्रर्र. आजोबांच्या वाटीतलंही तीच प्यायली, भुर्रर्र. सूप संपलं. दादाने भात आणला. एक हात पाठीमागे.

भात कसा होता? बशी परातीएवढी. बशीच्या मधोमध भात. लिंबाएवढा. भाताच्या डोक्यावर एक हिरवं पान.

आजोबांनी बशीच्या खाली पाहिलं. मग दादाकडे पाहिलं. "बाकीचा मागून येतोय का?"

दादा म्हणाला, "नाही आजोबा. हाच आहे."

टिचकी बशीच्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली. रोज राहते तशी.

"आजोबा आजोबा, भात आला. माझं शीत द्या."

आजोबांनी हात पुढे केला. हात मधेच थांबला. टेबलावर पांढरंशुभ्र कापड. आता लख्ख ऊन पडलेलं. सगळं हॉटेल इकडेच बघत होतं. ताई डोळे मोठे करून म्हणाली, "बाबा. नको हं."

आजोबांनी हात मागे घेतला. टिचकीकडे बघेनात. नव्या सदऱ्याचं बटण चाचपत बसले.

टिचकीने चारी बाजूंना पाहिलं. आता कुणाकडे जायचं? दादाकडे जाऊन झालं. ताई, फोन, ऊन, पडदा, साहेब, सगळ्यांकडे जाऊन झालं. आता चावायलाही कुणी उरलं नव्हतं. आजोबांना थोडंच चावायचं? तिला रडू आलं. मुंगीचं रडू एवढंसं. कुणालाच दिसलं नाही.

आजोबांना दिसलं.

ते म्हणाले, "शाल्मली, ही एवढीशी, एवढ्या लांब आली. आणि मी लोकांना काय घाबरतोय?"

त्यांनी काकडीच्या पाण्यात बोटं बुडवली. बशीभोवती पाणी फिरवलं. मग उजव्या बाजूला एक शीत ठेवलं. त्याच्या शेजारी आणखी एक. त्याच्या शेजारी आणखी एक. आणि म्हणाले, "जेव गं टिचके."

टिचकी जेवायला बसली. आजोबांनीही पहिला घास घेतला.

ताईचे कान लाल लाल. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या बाई उठून आल्या. त्यांनी काळोखातही काळा चष्मा घातला होता. आता तो काढून त्या वाकून बघू लागल्या.

"हे किती सुंदर दिसतंय. हे कुठल्या देशाचं?"

ताईने आजोबांकडे पाहिलं. आजोबा जेवत होते. ताईने केस मागे सारले.

"हे ना? हे आमच्या घरचं आहे. खास. आम्ही रोज असंच जेवतो."

खट्. तिने शितांचा फोटो काढला.

मग काय विचारता. बाईंनी शितं ठेवली. पलीकडच्या काकांनी शितं ठेवली. जिकडेतिकडे बशीभोवती काकडीचं पाणी. जिकडेतिकडे उजव्या बाजूला शितं. एका काकांनी डाव्या बाजूला ठेवली. आजोबांनी जाऊन त्यांना नीट दाखवलं.

लिंबाएवढा भात. त्यातून शितं काढली. उरला बोराएवढा. तो लोकांनी काट्याने खाल्ला, अगदी हळूहळू. मग हंसाला तोंड पुसलं. म्हणाले, "वा, काय जेवण झालं." आणि सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडले. मोठे मोठे.

आजोबा आणि ताई घरी आले, काठीला चिकटून टिचकीही आली. ताईने चपला काढल्या आणि थेट कुकर लावला. पिठलं टाकलं. कुकरची शिट्टी झाली. ताईने आजोबांचं ताट वाढलं. तिच्या हातात फोन नव्हता. ताट ठेवलं आणि ताटाच्या उजवीकडे तिनेच हळूच एक शीत ठेवलं.

"टिचके, ये जेवायला."

पण टिचकी कुठली येते? ती फडताळाखाली पाय पसरून पडली होती. पोट टम्म. कारण त्या दिवशी 'चंदेरी चमचा'त पोटभर जेवले दोघंच. एक साहेब, त्यांनी घरून डबा आणला होता. आणि दुसरी टिचकी, तिने आपलं शीत सोडलं नव्हतं.

टिचकीचं पोट भरलं, आपली गोष्टही भरली. आता ताटातलं संपवा, आणि उजवीकडे बघा कोण उभं आहे.