कड्याखालचे तीन रांजण

फार फार मागची गोष्ट. लहानांनी ऐकावी, थोरांनीही जरा टेकावं. घाई कसली नाही.

एका उंच कड्याखाली मध काढणाऱ्यांचं गाव होतं. कड्याला आग्या मोहोळं लोंबायची. गडी कमरेला दोर बांधून खाली उतरायचा, आणि वरून तो दोर धरायचा त्याच्या बायकोच्या भावानेच. दुसऱ्या कुणाच्या हाती दोर द्यायचा नाही, अशी तिथली रीत. बहिणीचं कुंकू ज्याच्या मुठीत, तो मूठ कशी सोडील?

पण गाव तेवढ्यावर थांबलं नव्हतं. देवळामागच्या छपरात तीन रांजण होते. मोसमात ज्याने त्याने आपल्या मधातला वाटा त्यांत ओतायचा. कुणी कड्यावर दगावला, तर पहिल्यातला मध त्याच्या बायकापोरांना. कुणी आजारी पडला, जखमी झाला, तर दुसऱ्यातला वैदूला. आणि कुणी जगला-वाचला, पण हातपाय कामाचे उरले नाहीत, तर तिसऱ्यातल्या मधावर त्याच्या घरी धान्य यायचं. ज्याने ज्यात ओतलं, त्याला त्यातूनच मिळायचं. रांजण राखायला एक म्हातारी होती. सगळा गाव तिला आत्या म्हणे.

त्या गावात सटवा नावाचा एक गडी होता. कामाला वाघ, पण ते तीन रांजण पाहिले की त्याचं डोकं चक्रावायचं.

"आत्या, पोळ्याला घरं शेकडो असली तरी मध एकच ना? मग हे तीन तीन कशाला मांडलेत?"

"लेका, हे पोळं नव्हे."

"असू दे. मी आपला पहिल्यात जास्त ओततो. मरणाहून मोठं संकट कुठलं? मोठ्यात लहान आलंच की! आणि दुसऱ्यात थोडं, बायको मागे लागलीय म्हणून."

"आणि तिसऱ्यात?"

सटवा हसला. "पाय मोडला तर हात आहेत. हात मोडला तर मेहुणा आहे."

मेहुणा शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "दाजी, तुमचा दोर धरीन. तुमची चूलही मीच धरायची म्हटलं, तर माझी पोरं मला धरतील!"

सगळे हसले. सटवाही हसला, आणि तिसऱ्या रांजणाला वळसा घालून निघून गेला.

त्याच मोसमात कड्याचा एक कंगोरा ढासळला. दोर तुटला नाही. मेहुण्याने सोडलाही नाही. त्याचे तळवे सोलून निघाले. पण सटवा झोक्यासरशी खडकावर आपटला. गुडघ्याचा चुरा झाला, उजवा खांदा निखळला.

वैदू रोज आला. त्याचा मध दुसऱ्या रांजणातून गेला. हळूहळू जखमा भरल्या. पण पाय ताठ राहिला, उजवा हात खांद्याच्या वर जाईना. एके दिवशी वैदूने आपलं गाठोडं बांधलं. "तुझं दुखणं संपलं," म्हणाला.

घरातलं धान्यही संपलं होतं. सटवा लंगडत छपरात गेला.

"आत्या, दुसऱ्यातलं थोडं दे."

"अजून आजारी आहेस?"

"नाही. बरा झालो."

"मग?"

"मग पहिल्यातलं दे. त्यात तर मी कितीतरी ओतलंय."

"अरे, तू मेला नाहीस."

"नाही, हा काय उभा आहे!" सटवा गोंधळून तिच्याकडे पाहत राहिला. "आजारी नाही, मेलेला नाही, आणि कामाचाही नाही. मग मी आहे तरी कोण?"

आत्याने तिसऱ्या रांजणाकडे पाहिलं. सटवाने मान खाली घातली.

घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "हे काही मला उमगत नाही. मी गेलो तर घर जेवणार, आणि राहिलो तर उपाशी. मग माझं राहणं बरं, का जाणं?"

तिने हातातलं सूप खाली ठेवलं. "बोललात ते बोललात, पुन्हा बोलू नका. रांजण भरलाय म्हणून नवरा ओतू का त्यात? बसा इथं. डाव्या हाताने मेण गाळा."

ती दुसऱ्यांकडे मधाची पोळी पिळायला जाऊ लागली. पोरांची भाकरी अर्धी झाली. मेहुण्याचं बरं चाललं की तो पसाभर धान्य आणून द्यायचा, नाही चाललं की मान चुकवून जायचा. त्याचा तरी काय दोष?

पुढच्या मोसमात सटवा बायकोच्या मजुरीचा मध घेऊन तिसऱ्या रांजणापाशी आला. आत्याने रांजणाच्या तोंडावर हात ठेवला.

"आता नाही रे घेता येत. हा वाटा हातपाय धड असताना ओतायचा. मोडल्यावरच सगळे ओतू लागले, तर मोडक्याला देणार कोण?"

सटवा मध घेऊन वळला. बाहेर मेहुणा कड्यावर उतरायला निघाला होता.

"तू तिसऱ्यात ओतलंस का रे?"

"उद्या ओततो, दाजी."

सटवाने आपला ताठ पाय त्याच्या दोरावर ठेवला.

"अहो, काय पोरखेळ! पाय काढा."

"मला उचलता येत नाही. तूच उचल."

मेहुण्याने वाकून तो पाय हातात घेतला. लाकडासारखा होता. मग तो उठला, छपरात गेला, आणि तिसऱ्या रांजणात आपला वाटा ओतून मगच कड्याकडे वळला.

तात्पर्य: मरण, आजारपण आणि निकामी झालेलं अंग ही तीन निरनिराळी संकटं आहेत, प्रत्येकाची सोय निराळी, आणि ती अंग धड असतानाच करून ठेवावी.