भरलेली दोन तळी

खाडीकाठच्या एका गावात अनसूया नावाची एक विधवा राहत होती. तिच्या परसात दोन तळी होती, एक वर आणि एक खाली. वरच्या तळ्यात झरा होता. तिथलं पाणी खाली पडताना मधलं चाक फिरवी, चाकाला जोडलेला डायनामो वीज करी आणि ओटीवर दिवा लागे. ही सारी करामत तिच्या मुलाची, सत्यवानाची.

त्यानं तेव्हा आईला समजावलंही होतं. "आई, विजेचं पाण्यासारखंच आहे. तारेच्या एका टोकाला दाब जास्त आणि दुसऱ्याला कमी असेल, तरच ती वाहते. एकानं कमीपणा घेतल्याशिवाय दिवा लागत नाही." अनसूया हो हो म्हणाली आणि मासळी निवडत बसली.

पुढे सत्यवानानं स्वतःच मुलगी पसंत केली. नवी सून दारात आली, पण अनसूया भाकरतुकडा ओवाळायला पुढे झाली नाही. दोघं उंबऱ्यावरूनच मागे फिरली आणि खाडीपलीकडे बिऱ्हाड करून राहिली.

तेव्हापासून ती रोज दिवा लावून पलीकडच्या काठाकडे बघत बसे. मुलासाठी जीव कासावीस होई. पण मी आई, आधी त्यानंच यावं, असं तिचं म्हणणं. तिकडे सत्यवान म्हणे, आधी आईनं बोलवावं. शेवटी मुलगा कुणाचा!

दिवा अजून मोठा झाला तर मुलाला पाझर फुटेल, असं तिच्या मनानं घेतलं. खालच्या तळ्यातलं पाणी उगीच खाडीत जातं, ते साठलं तर वीज वाढेल, या हिशेबानं तिनं तिथला बांध उंच करून घेतला. पाणी चढत गेलं, चाक बुडालं आणि एका संध्याकाळी दिवा लागलाच नाही. तिनं बल्ब पुसून पाहिला, डायनामोच्या नावानं बोटं मोडली.

सकाळी ती तळ्यांवर गेली. दोन्ही तळी काठोकाठ, एका पातळीत. पाणी दुप्पट होतं, पण जागचं हलत नव्हतं. तिला मुलाचं बोलणं आठवलं आणि रडूच आलं. तिचं आणि सत्यवानाचंही असंच झालं होतं. माया दोन्हीकडे काठोकाठ होती, पण वाहत नव्हती.

तिनं कुदळीनं बांध फोडला. चाक फिरेपर्यंतही ती थांबली नाही, तडक होडीत जाऊन बसली.

मुलाच्या दारात आल्यावर मात्र पाऊल उंबऱ्याशी अडलं. सून समोर उभी होती.

"सूनबाई, मी चुकले. आत येऊ का?"

सून आत गेली. लगेच ती भाकरतुकडा घेऊन बाहेर आली आणि तिनं सासूवरून ओवाळून टाकला. मागून सत्यवान आला. त्याचे डोळे सुजले होते.

"काल दिवा दिसला नाही, आई," तो म्हणाला. "तेव्हापासून घास उतरला नाही."

तात्पर्य: वीज असो वा माया, दोन्ही टोकं सारखीच ताठ राहिली तर काहीच वाहत नाही; ज्याला उजेड हवा, त्यानं आधी कमीपणा घ्यावा.